करडी अक्षरं

कादंबरी सहाव्यांदा संपली तेव्हा सकाळचे सव्वाअकरा वाजले होते.

पडद्यावर 'सिंधूनं प्लग काढून ठेवला.' हे वाक्य उमटलं, त्याखाली आपोआप एक आडवी रेघ आली आणि रेघेखाली हिरव्या चौकटीत मजकूर आला : 'लेखन पूर्ण झाले. अभिनंदन!'

कालिंदीबाईंनी खुर्चीतच डोळे मिटून घेतले. कंपवातामुळे त्यांचा उजवा हात मांडीवर सारखा हलत असे. तो त्या वेळी जरा जास्तच हलला. मग त्यांनी ओठ हलवले. आवाज नव्हताच, पण चाळीस वर्षांच्या सवयीनं मला कळलं. अजून आहे, असं त्या म्हणत होत्या.

"हो बाई, अजून आहे. मला माहीत आहे. यंत्राला माहीत नाही."

मी रेघ पुसली. हिरवी चौकट पुसली. बाईंनी पुन्हा मनात वाक्य जुळवायला घेतलं. त्यांच्या कपाळावर आठ्या आल्या, म्हणजे नक्की काहीतरी चाललं होतं. दोन मिनिटं गेली. मग पडद्यावर एक आडवी रेघ आली आणि यंत्रानं सातव्यांदा अभिनंदन केलं.

मी एरवी वस्तूंवर रागावत नाही. माणसांवरही समोरासमोर रागावणं मला जमत नाही, घरी जाऊन रागावतो. पण त्या दिवशी मी यंत्राच्या डबीला चष्म्याच्या घरानं एक टोला दिला. बाईंचे खांदे हलले. त्या हसत होत्या.

बाई म्हणजे कालिंदी हेर्लेकर. वय चौऱ्याऐंशी, नावावर अकरा कादंबऱ्या, बारावी चालू. मी नरहर कित्तूरकर, वय एकाहत्तर. त्यांच्या पहिल्या पुस्तकाच्या वेळी मी प्रकाशकाच्या कचेरीत मुद्रितं तपासत होतो. पुढे त्यांचं हस्तलिखित टाइप करणं, प्रकरणं लावणं, भाषा तपासणं हे सगळं माझ्याकडे आलं. नोकरी संपली, नंतर प्रकाशकही संपला, काम तेवढं राहिलं. याला संपादक म्हणतात, पण बाईंनी तो शब्द कधी वापरला नाही आणि स्वतःबद्दल वापरताना मलाही अवघडल्यासारखं होतं. रोज दहा ते बारा मी मिरजेतल्या त्यांच्या घरी जायचो. चालकाशिवायची रिक्षा मला दर वेळी शेजारच्या बोळात सोडायची आणि 'आपण पोहोचलात' म्हणायची. तिथून मी चालत यायचो. यंत्रांचं आणि माझं एकूण असंच आहे.

बाईंबरोबर काम करणं सोपं कधीच नव्हतं. या कादंबरीत सिंधू ही एका लहान गावातल्या टेलिफोन एक्स्चेंजमधली ऑपरेटर आहे. तिच्या नवऱ्याचं नाव तिसऱ्या प्रकरणात विष्णू आहे आणि सातव्यात केशव. मी विचारलं तेव्हा त्यांचं उत्तर आलं, "लग्नानंतर माणसं बदलतात." शेवटी विष्णू कायम करायला मला चार दिवस लागले.

हे उत्तर 'आलं' म्हणतो ते अशासाठी, की आदल्या वर्षी, म्हणजे दोन हजार एकोणचाळीस साली, बाईंचा आवाज गेला आणि हात त्याच्या आधीच गेला होता. तेव्हा वाचा-उपचार करणाऱ्या रेहाना मुल्ला यांनी ती पट्टी आणली.

पट्टीमागचं शास्त्र मला समजलं तेवढं सांगतो. माणूस मनातल्या मनात बोलतो तेव्हाही मेंदूचा निरोप जिभेच्या मुळाशी आणि गळ्याच्या स्नायूंपर्यंत पोचतच असतो. निरोप इतका क्षीण असतो की स्नायू हलत नाही आणि आवाज होत नाही, पण त्यातली वीज केसभर बदलते. गळ्याभोवती बांधायच्या मऊ पट्टीत बत्तीस टिकल्या असतात, त्या हे बदल टिपतात. अडचण अशी, की एकाच ठशाचे चार-पाच शब्द होऊ शकतात. म्हणून पट्टीच्या जोडीला एक अंदाज बांधणारी डबी असते. त्या माणसाचं आधीचं सगळं लेखन तिला वाचायला दिलेलं असतं. हा ठसा आला तर ही व्यक्ती इथे कोणता शब्द वापरेल, ते डबी ठरवते. टिकल्यांनी खरोखर ऐकलेलं पडद्यावर काळ्या अक्षरांत येतं. डबीनं अंदाजानं भरलेलं करड्या अक्षरांत येतं.

जानेवारीत पान जवळजवळ काळंच असायचं. शिवाय मनातलं बोलणं आणि लिहायचं वाक्य यांतला फरक टिकल्यांना कळत नसे. पहिल्याच आठवड्यात असं वाक्य आलं होतं : 'बाहेर वारा सुटला होता आणि सिंधूला वाटलं कित्तूरकरांनी आज पुन्हा तोच निळा सदरा घातलाय.' मी ते काढलं. सदरा मात्र घालत राहिलो, कारण दुसरा इस्त्रीला होता.

दिवाळीपर्यंत अर्धं पान करडं झालं. निरोप दिवसेंदिवस बारीक होत होता. रेहाना दर गुरुवारी येऊन टिकल्या तपासत, आकडे लिहून घेत आणि जाताना दारात मला खरं सांगत.

सातव्या अभिनंदनाच्या दुसऱ्याच दिवशी गुरुवार होता. मी त्यांना बाहेरच्या खोलीत नेलं आणि तक्रारींचा पाढा वाचला. त्यांनी डबी लॅपटॉपला जोडली आणि बराच वेळ बघत बसल्या.

"काका, मशीन बरोबर आहे."

"बरोबर कसं? बाईंना पुढे बोलायचंय आणि ते त्यांना संपवतंय."

"ऐका की. मशीननं बाईंची अकराच्या अकरा पुस्तकं वाचलीत. सगळी अशीच संपतात. कुणीतरी काहीतरी बारकंसं काम करतं, दिवा मालवतं, कडी लावतं, आणि खलास. त्यापुढे एक ओळसुद्धा नाही. त्यामुळे सिंधूनं प्लग काढला की मशीनची पक्की खात्री होते की इथं बाई थांबणार. पुढचं ऐकू येतंय त्याला, नाही असं नाही. पण इतकं बारीक आहे, की ते खोकला समजून टाकून देतंय." त्यांनी लॅपटॉप मिटला. "सवयच तशी आहे बाईंची. त्याला मशीन काय करणार?"

मी चष्मा पुसायला घेतला.

"काका, तुम्हाला घाम का आलाय?"

घाम का आला, ते सांगायला मला एकेचाळीस वर्षं मागे जावं लागेल.

बाईंची पहिली कादंबरी छापायला चालली होती. पुस्तकं सोळा-सोळा पानांच्या फॉर्मात छापली जात. शेवटच्या फॉर्मात जागा संपली आणि अकरा ओळी उरल्या. अकरा ओळींसाठी नवा फॉर्म घ्यायला प्रकाशक तयार नव्हते. बाई तेव्हा बहिणीच्या बाळंतपणासाठी बेळगावजवळच्या खेड्यात होत्या, तिथे फोन नव्हता. मी तीस वर्षांचा होतो. अकरा ओळी कुठून काढायच्या म्हणून मी सगळं पुस्तक दोनदा वाचलं आणि शेवटचा परिच्छेद काढला. त्यात बाईंनी प्रत्येक पात्राचं पुढे काय झालं ते सांगितलं होतं. मला तो नको तितका वाटला. आता वाटतं, मला तो सापडायला सोपा गेला.

त्या पुस्तकाला पारितोषिक मिळालं. समीक्षकांनी 'हेर्लेकरांचा अबोल शेवट' असा शब्दप्रयोग केला. बाई परत आल्यावर सांगायचं मी ठरवलं होतं. पण बाईंची एक पद्धत होती. छापून आलेलं पुस्तक त्या उघडत नसत. पहिली प्रत ब्राउन पेपरमध्ये गुंडाळून, सुतळी बांधून कपाटात ठेवत. 'झालेल्या कामाकडे बघितलं की पुढचं होत नाही,' म्हणत. मी आठ दिवस थांबलो, मग महिना, मग वर्ष. दुसऱ्या कादंबरीच्या शेवटीही तसाच परिच्छेद होता. तो ठेवला तर पहिलीत का नव्हता, हा प्रश्न आला असता. मी तोही काढला. त्यानंतर नऊ वेळा.

एकदा एका कॉलेजातल्या सत्काराहून परतताना बाईंनी गाडीत विचारलं होतं, "काय हो कित्तूरकर, अबोल शेवट म्हणजे काय? मी तर शेवटी इतकी बडबडते."

"समीक्षकांची भाषा आहे बाई," मी म्हणालो होतो.

"तरीच," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

काढलेली पानं मी फेकली नव्हती. ती त्यांच्या हस्ताक्षरातली होती. मुद्रितं तपासणाऱ्या माणसाला हस्तलिखित फेकता येत नाही. अकरा कागद एका जुन्या पाकिटात, माझ्या शब्दकोशांच्या मागे होते.

हे सगळं मी रेहानांना सांगितलं, जमिनीकडे बघत. त्यांनी लॅपटॉप पुन्हा उघडला. मग म्हणाल्या, "ती पानं मशीनला वाचायला दिली, तर ते सुधारेल."

"अकरा पानांनी?"

"अकराच्या अकरा वेळा एकच गोष्ट केली असेल, तर मशीनला पुष्कळ झालं. पण काका, बाईंना विचारल्याशिवाय मी त्यांचं लेखन डबीत घालणार नाही. कागदावर त्यांची संमती आहे, त्यांच्याशिवाय कुणी काही बदलायचं नाही म्हणून. आणि लवकर करा. महिनाभरानं टिकल्यांना काही ऐकू येईल असं मला वाटत नाही."

मी तीन दिवस लावले. त्या तीन दिवसांत स्वतःला मी बरंच काही समजावलं. बाईंचे शेवट माझ्यामुळेच गाजले, आता चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांना हे कळून काय मिळणार, बारावी कादंबरीही प्लगपाशी संपली तर वाचकाला चांगलीच वाटेल. यातलं शेवटचं खरं होतं, म्हणूनच जास्त त्रास होत होता. आणि रोज दहा ते बारा मी बाईंसमोर बसून रेघा पुसत होतो. सोळावं अभिनंदन झालं तेव्हा बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या रडणाऱ्यांतल्या नव्हत्या. नवरा गेला तेव्हाही त्यांनी मला फक्त दोन दिवसांची सुट्टी दिली होती.

चौथ्या दिवशी मी पाकीट घेऊन गेलो आणि पानं एकेक करून त्यांच्या समोरच्या वाचनाच्या घोडीवर लावली. पट्टी त्यांच्या गळ्यात होती. ती काढायचं मला सुचलं नाही, किंवा सुचलं असेल आणि मी काढली नसेल.

पडद्यावर अक्षरं आली. काळी.

'हे माझं अक्षर.'

"हो."

'पहिलीचा शेवट. हा दुसरीचा.' त्याखाली : 'तुमच्याकडे कसे?'

मी सांगितलं. फॉर्म सांगितला, अकरा ओळी सांगितल्या, बेळगाव सांगितलं. पुढच्या दहांसाठी माझ्याकडे फॉर्म नव्हता, तेही सांगितलं.

'म्हणजे पुस्तकात नाहीत.'

"नाहीत."

'एकाही.'

"एकाही नाही, बाई."

बाई पानांकडे बघत राहिल्या. मग पडद्यावर एक संपूर्ण वाक्य हळूच उमटलं : 'झालं ते झालं, मी तुम्हाला क्षमा करते.'

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तेव्हा दिसलं, की अख्खं वाक्य करडं होतं. त्याच्याखाली काळी अक्षरं भराभर येत होती.

'मी नाही. डबी बोलली. पुसा ते.'

बाईंच्या कादंबऱ्यांतल्या बायका अशा वेळी क्षमा करतात. डबीनं तेवढंच वाचलेलं होतं. मी वाक्य पुसलं.

'वाचक आता घरी जाणार असतो. माझी माणसं नीट पोचली का, ते त्याला कळायला नको? म्हणून लिहीत होते. तुम्ही त्यांना रस्त्यात सोडलंत. अकरा वेळा.'

"बाई..."

'मला विचारायचं होतंत. भांडले असते. कदाचित ऐकलंही असतं.'

आणि मग : 'पानं रेहानाला द्या. उद्यापासून येऊ नका.'

इतकी काळी अक्षरं दोन महिन्यांत आली नव्हती. हे माझ्या लक्षात आलं आणि अशा वेळीही आपण पान कसं आलंय तेच बघतो, याची मला लाज वाटली.

नऊ दिवस मी घरी होतो. सकाळी दहा वाजले की पायांना कळायचं आणि ते उगाच दारापर्यंत जायचे. शब्दकोश पुसून लावले. पाकिटाची जागा रिकामी दिसत होती, तिथे पंचांग ठेवलं. मी कधी कुणाचा शेवट सुधारण्याइतका शहाणा होतो का, हा प्रश्न चाळीस वर्षांपूर्वी पडायला हवा होता. तेव्हा मला फक्त पानं मोजायची होती.

दहाव्या दिवशी रेहानांचा फोन आला. "काका, बाईंनी बोलावलंय. चिडलेल्याच आहेत, पण बोलावलंय. मी आहे इथं, या."

रिक्षानं मला नेहमीप्रमाणे शेजारच्या बोळात सोडलं.

सिंधूनं प्लग काढून ठेवला होता आणि रेघ आली नव्हती. पुढे मजकूर होता. चार पानं! मी खाली बसलो.

'मोठ्यानं वाचा,' पडद्यावर आलं.

मी वाचलं. एक्स्चेंज बंद झालं, इमारतीत आधी रेशनचं गोदाम आलं आणि मग लग्नाचं कार्यालय. विष्णूला दम्याचा त्रास सुरू झाला. नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं, मोडलं, पुन्हा ठरलं. एक्स्चेंजमधल्या मांजरीला सहा पिल्लं झाली आणि त्या सहाही पिल्लांची विल्हेवाट सविस्तर लावली होती. मी वाचत होतो आणि माझा जीव कासावीस होत होता. साडेतीन पानं फुकट होती. माफी मागायला आलेला माणूस मनात काट मारत बसला होता.

मग शेवटचा परिच्छेद आला. म्हाताऱ्या सिंधूच्या घरी आता स्वतःचा फोन आहे. आयुष्यभर पहिल्या घंटीला उत्तर देणारी सिंधू घरचा फोन मात्र तिसऱ्या घंटीपर्यंत उचलत नाही. दोन घंट्या ती नुसती हात ठेवून बसते. आपल्यासाठी कुणीतरी थांबलंय, हे तिला तेवढा वेळ ऐकायचं असतं.

मी थांबलो. रेहाना खिडकीशी उभ्या होत्या, त्यांनी तोंड फिरवलं.

'बोला,' पडद्यावर आलं. 'यंदा तोंडावर बोला.'

इथे नुसती मान डोलावली असती, तर सगळं निभावलं असतं. पण मला वाटतं, तो दुसरा अपराध झाला असता.

"बाई," मी म्हणालो, "शेवटचा परिच्छेद ठेवायचा. एक अक्षर हलवायचं नाही. त्याच्याआधीची साडेतीन पानं जायला हवीत."

'मांजर?'

"मांजर तर जायलाच हवी."

'का? कारण सांगा.'

"कारण तिसऱ्या घंटीपर्यंत वाचकालाही थांबायचंय. तुम्ही त्याला सहा पिल्लं धरायला दिलीत. त्याचे हात मोकळे नाहीत."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग खांदे हलले का, ते मला नक्की सांगता येणार नाही, कारण मी घाबरून पुन्हा चष्मा काढला होता.

पुढचे अकरा दिवस आम्ही भांडलो. एकेक ओळीवर. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना प्रत्येक काटछाटीचं कारण देत होतो आणि त्या मला नावं ठेवत होत्या. 'कसाई', 'कारकून' आणि एकदा एक असा शब्द, जो करडाच ठेवायची सभ्यता डबीनं दाखवली. दोन पानं मी काढली, दीड त्यांनी सोडली नाही. लग्नाचं कार्यालय राहिलं. पाच पिल्लं गेली, एक राहिलं. ते सिंधूनं पाळलं आहे, पान दोनशे बारावर. ते तिथे काय करतंय, मला अजून कळलेलं नाही.

पुस्तक माघात आलं. पहिली प्रत घेऊन गेलो तेव्हा मी सवयीनं ब्राउन पेपर आणि सुतळीही नेली होती. बाईंनी नजरेनंच नाही म्हटलं. मी शेवटचं पान उघडून त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी ते वाचलं, वरून खालपर्यंत, दोनदा. तपासून बघितलं त्यांनी. मला वाईट वाटलं, आणि त्यांचं बरोबर होतं.

तोपर्यंत टिकल्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. पडद्यावर जे येई ते करडं. मी पुस्तक मिटत होतो तेव्हा एक वाक्य आलं : 'मी तुम्हाला क्षमा केली आहे.'

करडं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी बाईंकडे बघितलं. त्यांचे डोळे मिटलेले होते. विचारावं असं वाटलं, पण काय विचारणार आणि उत्तरही करडंच आलं असतं. ते वाक्य मी धरलं नाही.

उठून चपला घालत होतो, तेवढ्यात रेहानांनी हाक मारली. "काका, आणखी काहीतरी आलंय."

तेही करडंच होतं, मधलं एक अक्षर सुटलेलं. 'तोच निळा स  रा.'

"रेहाना," मी म्हणालो, "डबीला पुस्तकं आणि ती अकरा पानं सोडून दुसरं काही वाचायला दिलंय का? बाई इथे जे बोलतात, ते ती शिकते का?"

"नाही काका. बोललेलं ती ठेवत नाही. फक्त पुस्तकं आणि पानं. का?"

अकरा कादंबऱ्या आणि अकरा पानं मला जवळजवळ पाठ आहेत. त्यांत निळा सदरा कुठेही नाही.

बाई फाल्गुनात गेल्या. पट्टी परत करायची होती, ती रेहाना घेऊन गेल्या. ती आता सांगलीतल्या एका निवृत्त भजनीबुवांच्या गळ्यात आहे आणि डबीला त्यांच्या चाली कळत नाहीत म्हणून रेहाना वैतागल्या आहेत. अकरा कादंबऱ्यांची नवी आवृत्ती निघते आहे, अकरा परिच्छेदांसह. समीक्षक नाराज आहेत. एकानं लिहिलंय, की अबोल शेवट कुणा अडाणी संपादकानं बिघडवले. मुद्रितं मीच तपासतो, दहा ते बारा, घरीच. त्या वेळी निळा सदरा घालतो. कॉलर विरली आहे, इस्त्री आता धरत नाही.